माती-राडारोडा वाहतुकीचा ठेकेदार: भरवशाचा कसा ओळखावा, दर कशावर ठरवावा?

नवा_पाया

जुनं बैठं घर पाडलेल्या जागेवरून राडारोडा उचलायचा आहे. तो निघाला की ६० फूट × ४० फूट जागेतली चिकणमाती ३ फूट खोल काढून टाकायची आणि तो खड्डा मुरमाने भरून घ्यायचा. हिशेब असा धरला आहे: ६० × ४० × ३ म्हणजे ७,२०० घनफूट, म्हणजे ७२ ब्रास (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास). गाडी ४ ब्रासची धरली तर १८ खेपा माती बाहेर आणि १८ खेपा मुरूम आत. राडारोडा वेगळा. त्यात विटा, काँक्रीटचे तुकडे, जुन्या चौकटी-दारं आणि थोडे जुने सिमेंटचे पत्रे आहेत.

माती टाकायची जागा ९ किलोमीटरवर आहे. फाटक ११ फूट रुंद, फाटकातून आत शिरल्यावर डाव्या अंगाने विजेची तार गेली आहे.

तीन ठेकेदारांनी दर दिले. एकाने खेपेवर, दुसऱ्याने ब्रासवर. तिसरा सगळं उक्तं, म्हणजे एकरकमी, घ्यायला तयार आहे. त्याने जागा न बघता फोनवरच आकडा सांगितला आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतोय. तिघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. यातला भरवशाचा कोण हे काम सुरू होण्याआधी कसं कळणार? आणि दर नेमका कशावर ठरवावा?

मोजपट्टी

दर जरा बाजूला ठेवा आणि आधी तो १८ खेपांचा आकडा खोडा. भांडण तिथूनच सुरू होणार आहे.

जमिनीतली माती दबलेली असते. खोदली की ढेकळांच्या मधे पोकळ्या राहतात आणि माती फुगते. वाळू-खडीसारखा माल साधारण १० ते १५ टक्के फुगतो, साधी माती २० ते ३० टक्के, चिकणमाती ३० ते ४० टक्के आणि फोडलेला खडक ५० टक्क्यांच्याही वर. तुमच्या मातीला ३० टक्के धरले तरी जमिनीतले ७२ ब्रास गाडीत चढताना जवळपास ९४ ब्रास होतात. मुरमाचं उलटं. गाडीतून सैल उतरलेला मुरूम थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला की अंदाजे पाचवा हिस्सा बसतो. दबलेला ७२ ब्रास भराव हवा असेल तर सैल ९० ब्रास आणावा लागतो. म्हणजे दोन्ही बाजूंना १८ नाही, २३-२४ खेपा. ठेकेदाराने २४ खेपांचं बिल दिलं तर ती लबाडी नाही. तुम्ही मात्र १८ धरून बसलात तर प्रामाणिक माणूसही तुम्हाला चोर वाटेल.

टक्केवारी पुस्तकातली न घेता तुमच्याच जागेवर काढून बघा. २ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट खोल असा चौकोनी खड्डा काठ सरळ ठेवून खणा. ही ६ घनफूट माती झाली. ती एक फूट लांबी-रुंदी-उंचीच्या खोक्याने, न दाबता, वरून फळीने सपाट करत मोजा. ७.८ खोकी भरली तर फुगवटा ३० टक्के. मशीनने निघालेली ढेकळं हाताने खणलेल्या मातीपेक्षा मोठी असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच येईल. हा आकडा ठेकेदारासमोर काढला तर पुढचा अर्धा वाद मिटतो.

आता गाडी. ‘चार ब्रासची गाडी’ हे नाव झालं, माप नव्हे. पहिल्या दिवशी, पहिल्या खेपेआधी, प्रत्येक गाडीचा हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, आतून मोजा. समजा आतली लांबी १४ फूट, रुंदी ७ फूट, उंची ४ फूट. गुणाकार ३९२ घनफूट, म्हणजे ३.९२ ब्रास. माल काठापासून सहा इंच खाली राहिला तर ३.४३ ब्रास. जवळपास अर्धा ब्रास कमी, प्रत्येक खेपेला. नुसत्या नजरेला सहा इंच लक्षात येत नाहीत, म्हणून टेप लावायचीच. लांबी तळाशी आणि वर अशी दोन ठिकाणी घ्या, कारण पुष्कळ हौद्यांची पुढची भिंत तिरकी असते. काही हौद्यांत पुढच्या बाजूला हौदा उचलणाऱ्या जॅकची पेटी आत आलेली असते, ती वजा करा. पेटी २ × १.५ × ४ फुटांची असली तर १२ घनफूट. एका खेपेला किरकोळ वाटतं, २४ खेपांत जवळपास तीन ब्रास होतात.

माल मोजताना गाडी सपाट जागी उभी हवी आणि वरचा ढीग बकेटने किंवा फावड्याने सारखा केलेला हवा. चारही कोपऱ्यांत आणि मधे काठापासूनची खोली मोजा, सरासरी काढा, हौद्याच्या उंचीतून वजा करा. दोन मिनिटांचं काम आहे.

चिकणमातीत आणखी एक गोष्ट हमखास होते आणि तिकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. माती हौद्याच्या तळाला चिकटून गाडीबरोबर परत येते. १४ × ७ फुटांच्या तळावर तीन इंचांचा थर म्हणजे साडेचोवीस घनफूट, पाव ब्रास. तेवढी माती दिवसभर नुसती फिरत राहते आणि तुम्ही पैसे भरलेल्या हौद्याचे देता. रिकामी गाडी परत आली की चढून आत बघा. थर असेल तर खरवडून मगच भरा. भरण्याआधी तळावर कोरडी वाळू किंवा भुकटी पसरली की चिकटणं कमी होतं. तळाला डिझेल मारायची सवय काही ठिकाणी असते, ती करू देऊ नका. ते मातीत उतरतं.

गाडीतळ

मोजमापाचं वरती व्यवस्थित आलं आहे. मी माणूस शोधण्याबद्दल लिहितो.

जाहिरातीतून किंवा नुसत्या फोन नंबरवरून सुरुवात करू नका. ज्यांचं काम रोज गाड्यांवर अडून असतं त्यांना विचारा: खडी क्रशरवर वजनकाट्याच्या खोलीत बसणारा माणूस, तयार काँक्रीटच्या प्लांटचा सुपरवायझर, जेसीबी-पोकलेनचे ऑपरेटर, जवळपास पाया खणणं चालू असलेल्या साइटचा मुकादम. विचारायचं कसं, हे महत्त्वाचं. ‘चांगला कोण?’ असं विचारलं तर ओळखीचं नाव मिळतं. त्याऐवजी विचारा: ‘सकाळी सातला सांगितलेली गाडी कुणाची सातला येते?’ ‘गाडी बंद पडली तर दुसरी कोण लावतं?’ ‘बिलावरून कुणाशी वाद झाला नाही?’ तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच नाव आलं तर त्याला बोलवा.

बोलवल्यावर त्याचं ऐकण्यापेक्षा तो काय विचारतो ते बघा. जाणकार ठेकेदार आल्या आल्या फाटकाची रुंदी बघतो, वर तारा बघतो, जमिनीवर टाच दाबतो, जुनी शौचटाकी कुठे होती ते विचारतो. भराई कोणाच्या मशीनने, टाकायची जागा कोणती, तिथे परवानगी आहे का, मोठी गाडी रस्त्यावर किती वाजता चालते, पाऊस आला तर काय, असे प्रश्न त्याच्याकडूनच येतात. जागा न बघता आकडा सांगणाऱ्याने यातलं काहीच धरलेलं नसतं. प्रत्येक अडचण निघाली की त्याचे पैसे वाढतात, आणि तोवर निम्मी रक्कम त्याच्याकडे गेलेली असते. तुमचा तिसरा ठेकेदार मी इथेच सोडला असता.

दुसरी गोष्ट: गाड्या त्याच्या स्वतःच्या की तो दलाली करतो? दलाली वाईट नाही. मोठ्या कामाला कुणीही आणखी चार गाड्या बाहेरून आणतोच. पण हौदा फुटला, भिंतीला धक्का लागला, माती भलत्याच ठिकाणी पडली तर जबाबदार कोण हे आधी ठरलेलं हवं. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहून मागा आणि नोंदणीच्या कागदावरच्या मालकाच्या नावाशी ताडा. कागद मागायचे ते हे: नोंदणी, विमा, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, माल वाहतुकीचा परवाना आणि चालकाचा अवजड वाहनाचा परवाना. विम्यावर फक्त तारीख बघून थांबू नका. तो व्यावसायिक मालवाहतुकीचा आहे का आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीची भरपाई त्यात आहे का, ते बघा. कामगारांचा विमा वेगळा असतो.

शक्य असेल तर त्याच्या गाड्या उभ्या राहतात तिथे एकदा जाऊन या. गाडी बरंच सांगते. जॅकखाली तेलाचा ओला डाग असेल तर हौदा वर गेल्यावर अडकण्याची किंवा खाली घसरण्याची भीती. मागचा फाळका हौद्याला घट्ट बसत नसेल तर वाटभर माल सांडणार. मागच्या जोडचाकांत आतलं टायर गुळगुळीत आणि बाहेरचं नवं, हे बऱ्याचदा दिसतं. बाहेरून गाडी ठीक वाटते आणि भरल्यावर आतलं टायर फुटतं. रिव्हर्सचा भोंगा वाजतो का ते बघा. ताडपत्री आहे का, आणि ती रोज वापरात असल्यासारखी मळलेली आहे की घडी घालून नवी ठेवलेली, तेही बघा.

शेवटी, त्याने गेल्या दोन-तीन महिन्यांत संपवलेली दोन कामं विचारा आणि त्या जागेच्या मालकाशी बोला. चालू कामावरचा मालक मोकळेपणाने बोलत नाही, कारण त्याचं काम अजून अडकलेलं असतं.

नवा_पाया

१८ खेपांची चूक कळली, मापाचा खड्डा घेऊन बघतो. आता दराचं. खेपेवर, ब्रासवर की टनावर? एकाने असंही सुचवलं की काट्यावर वजन करून पैसे दिले की वादच राहत नाही.

वजनकाटा

वाद राहतोच, फक्त जागा बदलतो. प्रत्येक पद्धतीत ठेकेदाराला फायदा कशात आहे ते बघून पद्धत निवडायची.

खेपेवर दर असला की गाडी कमी भरण्यात त्याचा फायदा: लवकर भरते, डिझेल कमी लागतं, खेपा वाढतात. तासावर असला की हळू चालण्यात फायदा. टनावर असला की गाडी अति भरण्यात आणि ओला माल नेण्यात. उक्त्यात कमीत कमी काम करून ‘हे ठरलंच नव्हतं’ म्हणण्यात. माणूस प्रामाणिक असला तरी चालक आणि ऑपरेटर याच ओढीने वागतात, कारण त्यांनाही बऱ्याचदा खेपेवरच पैसे मिळतात.

तुमच्या कामात तीन वेगळे माल आहेत, तर तीन वेगळी मापं ठेवा.

माती आणि मुरूम ब्रासवर, वर ‘मोजपट्टी’ यांनी सांगितल्याप्रमाणे हौदा मोजून. माती वजनावर देऊ नका. १७ टन चिकणमातीत पाण्याचं प्रमाण कोरड्या मातीच्या १५ टक्के असेल आणि रात्री पाऊस पडून ते २५ टक्के झालं, तर तीच माती साडेअठरा टन भरते. म्हणजे एका खेपेला दीड टन पाण्याचे पैसे. मुरमाचं मोजमाप कुठे करायचं तेही ठरवा. खाणीवर काठोकाठ भरलेला हौदा वाटेतल्या हादऱ्यांनी बसतो आणि तुमच्याकडे खाली आलेला दिसतो. यात चोरी नाही, पण मोजायची जागा एकच असावी आणि ती तुमचं फाटक असावी. ठेकेदार त्याप्रमाणे दर थोडा वाढवून मागेल. तो वाजवी आहे, द्या.

काँक्रीट-विटांचा राडारोडा वजनावर. याच्यात पोकळी किती राहील हे तुकड्यांच्या आकारावर असतं. दोन मोठे कोबे आडवे टाकले की हौदा भरलेला दिसतो आणि आत निम्मी हवा. ब्रासवर मोजणं कुणालाच न्याय देत नाही.

लाकूड खेपेवर. ते हलकं असतं, जागाच अडवतं. लोखंड आधीच वेगळं काढून विका आणि त्याची रक्कम ठेकेदाराच्या बिलात मिसळू देऊ नका.

काटा वापरताना भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही त्याच काट्यावर हवं. एकदा रिकाम्या गाडीचं वजन करून तोच आकडा आठवडाभर वापरायचा, ही पद्धत बंद ठेवा. २०० लिटर डिझेलचं वजन १६५ किलोच्या वर जातं. जादा चाक, क्लीनर, ओली ताडपत्री, तळाला चिकटलेला माल, यांनी आकडा इकडेतिकडे होतो. राडारोड्याच्या कामात दिवसातून निदान एकदा, आधी न सांगता, रिकामी गाडी काट्यावर चढवा. चालक दोन्ही वेळा गाडीत असावा किंवा दोन्ही वेळा खाली. सगळी चाकं काट्याच्या पाटावर आहेत का ते बघा, लांब गाडीचं मागचं चाक काठावर राहू शकतं. पावतीवर गाडी नंबर, तारीख, दोन्ही वजनांची वेळ आणि छापील क्रमांक हवा. एकाच गाडीच्या दोन भरलेल्या वजनांत दहा मिनिटांचं अंतर दिसलं तर विचारा, कारण ९ किलोमीटर जाऊन परत यायला तेवढा वेळ पुरत नाही.

आता गाडी किती भरायची. हौदा ४ ब्रासचा आहे म्हणून ४ ब्रास नेता येतात असं नाही. गाडीच्या कागदावर मालासह एकूण वजनाची मर्यादा असते, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तेवढा माल. समजा मर्यादा २८ टन आणि रिकामी गाडी ११ टन. माल १७ टन. सैल मुरूम एका ब्रासला साधारण साडेचार टन भरतो, म्हणजे पावणेचार ब्रासला गाडी पुरी झाली. त्यावर ढीग चढवला की ब्रेक लांबतो, टायर फुटतं, तुमच्याच दारातलं गटाराचं झाकण तुटतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ब्रासचा दर ठरवताना ‘कायदेशीर भारापर्यंतच’ हे शब्द लिहा. नाहीतर कमी दर देणारा माणूस तो दर जादा भरूनच परवडवतो.

मुरमाबरोबर वाळू मागवणार असाल तर एक जास्तीची नोंद. थोडी ओलसर वाळू फुगते. पाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असताना बारीक वाळू २५-३० टक्के जास्त जागा व्यापते, आणि पाण्यात पूर्ण बुडाली की परत कोरड्याइतकी होते. सरळ भिंतीच्या भांड्यात वाळू २० सेंटीमीटर सैल भरा, ती बाहेर काढून त्याच भांड्यात निम्म्यापर्यंत पाणी घ्या, वाळू परत सोडा, ढवळा आणि बसू द्या. पातळी १६ सेंटीमीटरवर आली तर फुगवटा चार भागिले सोळा, म्हणजे २५ टक्के. मोजलेल्या ब्रासमधून वजावट मात्र चार भागिले वीस, म्हणजे २० टक्के करायची. हे आधी बोललात तर कुणी नाही म्हणत नाही. गाडी उतरल्यावर बोललात तर कुणी ऐकत नाही.

मोजपट्टी

राडारोडा वजनावर हे तत्त्व म्हणून मान्य, पण काटा वाटेत असेल तरच. प्रत्येक खेपेला काट्यासाठी ४-५ किलोमीटर जास्त जावं लागत असेल तर त्या डिझेलचे पैसे तुम्हीच देणार. अशा वेळी पहिल्या तीन खेपा काट्यावर नेऊन एका ब्रासला किती टन बसतात ते काढा, आणि मग ब्रासवर मोजत रोज एक खेप अचानक काट्यावर पाठवा. तुकडे दोन फुटांपेक्षा मोठे न ठेवण्याची अट मात्र घाला आणि ते फोडायचे कोणी तेही लिहा. फोडकाम बहुतेक दरांत धरलेलं नसतं.

खेपांची नोंद भिंतीवर रेघा मारून ठेवू नका. संध्याकाळी एक रेघ इकडे, एक तिकडे. तीन प्रतींचं छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक आणा: गाडी नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, माल, काठापासूनची खोली, दोन सह्या. एक प्रत चालकाला, एक तुम्हाला, एक ठेकेदाराला. पावती गाडी फाटकातून निघतानाच फाडायची. दिवसाअखेर एकदम दहा पावत्या लिहिल्या तर त्या पुस्तकाचा काही उपयोग नाही.

फाळका

अजून गाड्यांची संख्या कुणी काढली नाही आणि पैसा तिथेही जातो. जेसीबीची पुढची बकेट साधारण एक घनमीटरची, तुमचा हौदा ११ घनमीटरच्या आसपास, म्हणजे ११-१२ बकेट. मिनिटाला एक धरा, भराईला १२ मिनिटं. ९ किलोमीटर भरलेली गाडी तासाला १८ च्या वेगाने ३० मिनिटं, उतराई ५, रिकामी परत २५. एक फेरी ७२ मिनिटांची. ७२ भागिले १२ म्हणजे ६ गाड्या असतील तर मशीन थांबत नाही. आठ तासांत एका गाडीच्या सहा फेऱ्या होतात, म्हणजे ४ गाड्यांत २४ खेपा एका दिवसात. पण त्या दिवशी मशीन पाच तासांहून कमी काम करून बाकीचा वेळ उभं राहील. मशीन तासावर असेल तर सहा गाड्या लावून पाच-साडेपाच तासांत संपवणं परवडेल, दिवसावर असेल तर चार पुरेत. ठेकेदाराने दोनच गाड्या आणल्या तर मशीनची खोटी, म्हणजे नुसतं उभं राहिल्याचं नुकसान, तुमच्या खिशातून जाते. ‘किती गाड्या, किती दिवस’ हे दराच्या शेजारीच लिहून घ्या.

आता जागा. गाडी अडीच मीटर रुंद, म्हणजे सव्वाआठ फूट, आरसे धरून दहाच्या जवळ. ११ फुटांच्या फाटकातून ती सरळ शिरेल, रस्त्यावरून वळण घेत शिरायची असेल तर खांब जाईल. समोरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्या कामाच्या दिवशी हटवून घ्या. तरीही जमत नसेल तर लहान गाडी लावा. खेपा वाढतील, पण खांब आणि शेजाऱ्याची भिंत वाचेल.

तार ही या कामातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. माती बाहेर नेताना हौदा तुमच्या आवारात वर जात नाही, मुरूम उतरवताना जातो, आणि उचललेल्या हौद्याचं टोक २० फुटांच्या वर पोहोचतं. तारेला प्रत्यक्ष टेकावं लागतच असं नाही, जास्त दाबाच्या तारेजवळ गेलं तरी वीज झेप घेते. तार कोणत्या दाबाची आहे आणि किती अंतर ठेवायचं ते वीजपुरवठा करणाऱ्यांना विचारा. जमल्यास त्या दिवसापुरता पुरवठा बंद करून घ्या. न जमल्यास मुरूम फाटकाच्या उजव्या अंगालाच उतरवायचा आणि तिथून मशीनने ढकलायचा. जमिनीवर चुन्याची रेघ मारा, तिच्या पलीकडे हौदा उचलायचा नाही. हौदा तारेला लागलाच तर चालकाने गाडीतच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी लांब जायचं. पुरवठा तुटल्याचं कळेपर्यंत कुणी गाडीला हात लावायचा नाही.

हौदा उचलताना गाडी आडव्या उतारावर नको. फाळक्याची कडी आधी सुटलेली हवी. चिकणमाती पुढच्या टोकाला चिकटून वर जाते, वजन उंच होतं आणि गाडी एका अंगावर पडते. अशा वेळी हौदा वर ठेवून गाडी पुढे-मागे झटकणं हा सर्वांत धोक्याचा प्रकार. हौदा खाली घ्यायचा, माल मोकळा करायचा, मग परत उचलायचा. टेकू न लावता उचललेल्या हौद्याखाली कुणीही जायचं नाही, आणि उतराई चालू असताना दोन्ही बाजूंना हौद्याच्या लांबीइतक्या अंतरात माणूस नको.

खड्डा ३ फुटांचाच आहे, तरी भरलेली गाडी काठापासून निदान खोलीइतकी दूर ठेवा. ओल असेल तर त्याहून जास्त. जुन्या घराची शौचटाकी, विहीर, पाण्याची हौदी कुठे होती ते आधी शोधून दोरी बांधा. रिकामी टाकी भरलेल्या गाडीचं मागचं चाक पेलत नाही.

सिमेंटचे जुने पत्रे वेगळे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. फोडायचे नाहीत, मशीनने उचलायचे नाहीत, राडारोड्यात मिसळायचे नाहीत. पाणी मारून ओले ठेवा, अखंड उतरवा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा आणि असा माल घेण्याची परवानगी असलेल्या जागीच पाठवा. साधा कापडी मास्क त्या धुळीला थांबवत नाही. ठेकेदार ‘टाकू मधेच कुठेतरी’ म्हणाला तर त्याला बाकीचं कामही देऊ नका, कारण तो तुमची मातीही मधेच कुठेतरी टाकणार. ओढ्याकाठी किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर ढीग सापडला तर चौकशी माल कुठून निघाला इथपर्यंत येते. टाकण्याच्या जागेची पावती प्रत्येक खेपेला मागा आणि तुमच्या पावतीला टाचून ठेवा. दोन्ही आकडे जुळले तरच बिल.

नवा_पाया

तिसऱ्याला नाही कळवलं. ब्रासवाल्याला उद्या जागा बघायला बोलावतोय. करारात काय लिहायचं आणि आगाऊ किती द्यायचे?

गाडीतळ

एक पान पुरतं, पण हे सुटायला नको: मालाप्रमाणे माप आणि दर. मोजायची जागा. गाड्यांचे नंबर आणि प्रत्येकीचं मोजलेलं माप. रोज किती गाड्या, किती ते किती वाजता. भराईचं मशीन कोणाचं. टाकण्याची जागा आणि तिथलं शुल्क कोणी भरायचं. ताडपत्री, रस्त्यावर सांडलेली माती रोज संध्याकाळी उचलणं आणि चाकं धुणं कोणाकडे. भिंत, फाटक, नळ, केबल तुटली तर दुरुस्ती कोणाची.

खोटीचं कलम दोन्ही बाजूंनी लिहा. तुमच्यामुळे गाडी अर्ध्या तासाहून जास्त थांबली तर तासाला अमुक, त्याच्यामुळे मशीन थांबलं तर मशीनचं भाडं त्याच्या बिलातून. एकतर्फी लिहिलं तर चांगला ठेकेदार सही करणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. पाऊस आला तर काम कोण थांबवणार, हेही एका वाक्यात. ओल्या चिकणमातीत ‘अजून दोन खेपा काढू’ म्हणता म्हणता गाडी रुतते आणि ओढून काढायला दुसरं मशीन लागतं.

उचल पहिल्या दिवसाच्या डिझेलइतकी. त्यापुढे दर दोन दिवसांनी जुळलेल्या पावत्यांवर पैसे, आणि ते ठरल्या वेळी द्या. या धंद्यात डिझेल रोख भरावं लागतं, पैसे अडले की गाड्या दुसऱ्या साइटवर जातात. शेवटचे १० टक्के जागा साफ होऊन, रस्ता धुऊन, खड्ड्याची पातळी मोजून झाल्यावर.

आणि सगळं काम एकदम देऊ नका. आधी राडारोड्याच्या चार-पाच खेपा द्या. वेळेवर आला का, पावतीवर कुरकुर केली का, दुसऱ्या दिवशी नंबर बदललेली गाडी पाठवली का, सांडलेलं उचललं का, ते बघा. खेपेवर दर देणारा आहे त्यालाही उद्या नाही म्हणू नका. त्याला सांगा की माती अमुक तारखेला निघणार आहे, कळवतो. राडारोड्यात ब्रासवाला चुकला तर मातीच्या दिवशी हाताशी गाड्या हव्यात.

मोजपट्टी

खड्ड्याची पातळी मोजायला माती काढण्याआधीच १० फुटांच्या चौकटीत जमिनीच्या उंच्या घेऊन ठेवा: ६० × ४० ला ७ × ५ म्हणजे ३५ बिंदू. आधार म्हणून शेजारच्या पक्क्या जोत्यावर एक खूण करा, जी मशीनखाली येणार नाही. माती काढून झाल्यावर, मुरूम भरण्याआधी, त्याच ३५ ठिकाणी परत उंची घ्या. फरकाची फुटांतली सरासरी × २,४०० चौरस फूट, तेवढे घनफूट ही जमिनीतली खरी माती. तिला मापाच्या खड्ड्यातून काढलेला फुगवटा लावा आणि पावत्यांच्या बेरजेशी ताडा. चार-पाच टक्क्यांचा फरक सोडून द्या. १० टक्क्यांच्या वर असेल तर बिल देण्याआधी पावतीपुस्तक घेऊन दोघं एकत्र बसा.